फ्लेमिंगो कोणाचे? पुनर्वसन वसाहतीतला हिवाळा आणि आंबेडकरी तरुण

आंबेडकरी तरुणाने पक्षी बघावेत, झाडांची नावे शिकावीत, असे म्हटले की बैठकीत हमखास एक प्रश्न येतो. "शिष्यवृत्त्या थकल्यात, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि तुम्ही पाखरं कसली मोजताय?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही. म्हणून आधी त्यालाच उत्तर देऊ आणि मग मानखुर्दच्या खाडीकडे वळू.

निसर्गप्रेम या शब्दाविषयी आपल्या समाजाच्या मनात अढी आहे आणि तिला इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, पाखरे पाणी पीत होती, इतर धर्मांची माणसेही पीत होती. बंदी फक्त आपल्याला होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने ते पाणी प्यायले, तेव्हा ते निसर्गाचे कौतुक करायला गेले नव्हते. ज्या गावाची हिरवीगार वर्णने शाळेच्या पुस्तकांत आली, त्या गावाबद्दल बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत काय म्हटले ते आपल्याला पाठ आहे. गायरानाच्या तुकड्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये हजारो भूमिहीन तुरुंगात गेले. तळे, गायरान, जंगल, नदीचा घाट या प्रत्येकावर जातीचा पहारा होता. तेव्हा दलित साहित्याने चंद्र, चांदणे आणि पानाफुलांची कविता बाजूला सारली, ती योग्यच सारली. मुकुल शर्मा यांचे 'कास्ट अँड नेचर' हे 2017 साली आलेले पुस्तक याच विषयावर आहे. भारतीय पर्यावरणवादाने जात कशी नजरेआड केली आणि दलितांची निसर्गाविषयीची वेगळी समज कशी दुर्लक्षित राहिली, याची मांडणी त्यात आहे. आपल्या अभ्यासवर्गांत ते वाचले जायला हवे.

पण पहारा होता म्हणून जागेवरचा हक्क सोडायचा, हे बाबासाहेबांनी शिकवले नाही. ते तळ्याकडे पाठ फिरवून परतले नाहीत. पाण्याच्या बाबतीत जे खरे, ते खाडी, कांदळवन, झाड आणि पाखरांच्या बाबतीतही खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्या जागेची नोंद आपण ठेवत नाही, त्या जागेविषयीचा निर्णय दुसरे घेतात, आणि तो बहुधा आपल्या विरोधात जातो.

आता मानखुर्द-गोवंडी. आमच्यातल्या तीन-चार कुटुंबांची नाल्याकाठची घरे तुटली आणि गेल्या दिवाळीआधी ती इथल्या पुनर्वसन इमारतीत राहायला आली. मुंबईत 'प्रकल्पबाधित' हा शिक्का बसलेल्या माणसाला कुठे पाठवतात, याचा नकाशा सगळ्यांना माहीत आहे. रेल्वेरुळाकडेची, नाल्याकाठची, जलवाहिनीवरची माणसे माहुलला जातात, नाहीतर मानखुर्दला. माहुलला शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटले, तरी त्यानंतरही माणसे तिथे पाठवली गेली. मानखुर्दला एका बाजूला महामार्ग, तर गोवंडीकडे देवनारचे डम्पिंग. तिथे 1927 पासून शहराचा कचरा पडतो आहे. म्हणजे महाडचा सत्याग्रह आणि देवनारचे डम्पिंग एकाच वर्षाचे. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात याच एम-पूर्व विभागाचा क्रमांक सगळ्यात खाली होता.

आणि या सगळ्याला लागून ठाण्याची खाडी आहे. 2015 मध्ये ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान तिच्या पश्चिम किनाऱ्याचा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. जगाने मान्य केलेली पाणथळ जागा आणि शहराने टाकलेली माणसे एकमेकांना खेटून राहतात. या शेजाराविषयी वर्तमानपत्रांत फार कमी वाचायला मिळते.

हिवाळा यासाठी महत्त्वाचा की या शेजाराच्या दोन्ही बाजू याच ऋतूत उघड होतात. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही. डम्पिंगचा धूर, रस्त्याची धूळ, काँक्रीट कारखान्यांची भुकटी सकाळी नऊपर्यंत खालच्या मजल्यांवर बसून राहते. लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी यांसारख्या वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या आहेत की खालच्या घरांत ऊन-वारा शिरत नाही, आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध आहे, हे 2018 मध्ये पुढे आलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. त्याच डिसेंबरात, त्याच धुरापलीकडे, खाडीच्या चिखलावर हजारो फ्लेमिंगो उतरलेले असतात. आपल्याकडे त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. यातले पुष्कळ कच्छच्या रणाकडून येतात आणि मे-जूनपर्यंत थांबतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात. छोटा रोहित मुख्यतः निळे-हिरवे शेवाळ खातो आणि त्यातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याची पिसे गुलाबी होतात.

ते शेवाळ इथे एवढे का माजते, हेही समजून घ्या. शहराचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसते. मुंबईच्या गटारांनी खाडीला जे दिले, त्याच्यावर या पक्ष्यांचा गुलाबी रंग उभा आहे. आणि ती गटारे कोण साफ करतो, कोणत्या जातीचा माणूस त्यात उतरून गुदमरून मरतो, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. फ्लेमिंगोच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात मात्र हा माणूस कुठेच नसतो. खाडीपलीकडे नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेते, आणि खिडकीतून फ्लेमिंगो दिसतो म्हणून फ्लॅटचा भाव चढतो. अलीकडे तोच पक्षी दिसतो, तेव्हा तिथला माणूस 'अतिक्रमण' ठरतो.

फक्त फ्लेमिंगोच बघायचे असेही नाही. डोळे उघडे ठेवले तर वसाहतीच्या आवारातही बरेच काही आहे. पाण्याच्या टाकीजवळच्या ओल्या जागेत शेपटी वरखाली हलवत धावणारा पांढरा धोबी हा उत्तरेकडून आलेला हिवाळी पाहुणा. तारेवर बसून घारीलाही पिटाळणारा काळा कोतवाल. नाल्याच्या कडेला लांब लाल पायांचा शेकाट्या आणि मातकट पाठीचा ढोकरी, जो उडाला की एकदम पांढरा दिसतो. डम्पिंगवर घारी आणि गायबगळे. खाडीकाठी तिवराची झाडे. त्यांची श्वास घेणारी मुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात. पान चाटून बघा, खारट लागते, कारण झाड आत घेतलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चेंबूर-मानखुर्द भागात कोल्हे वस्तीजवळ दिसले आणि काही मृत कोल्ह्यांत रेबीज आढळला. कोल्हा दिसला तर मुलांना लांब ठेवा, वनविभागाला कळवा आणि चावा किंवा ओरखडा असेल तर लगेच लस घ्या. वस्तीने निसर्ग ओळखावा यामागे असे जिवाचे कारणही असते.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक इमारतीत दिसेल. मलवाहिनीच्या सांध्यात किंवा गच्चीच्या कठड्यात पिंपळाचे रोप उगवलेले असते. पाखराने पिंपळाचे फळ खाल्ले आणि विष्ठेतून बी तिथे पडले. तो वाढला तर भिंत तडकते, पाइप फुटतो. आपल्या घरांत बोधिवृक्ष म्हणून ते रोप उपटायला हात धजावत नाही. आमचे म्हणणे, ते लहान असतानाच मुळासकट काढा आणि विहाराच्या अंगणात लावा. भिंतही वाचेल आणि झाडही.

आता जरा नावांकडे बघू. कारण पाखरांच्या नावांतही जातीची उतरंड आहे. मराठीत पक्ष्यांना धोबी, शिंपी, सुतार, खाटीक अशी नावे आहेत. ही नावे कामावरून आली. शिंपी पाने शिवून घरटे करतो, सुतार लाकूड कोरतो, खाटीक भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो. ज्याने ही नावे दिली त्याने पाखरूही नीट पाहिले होते आणि काम करणारा माणूसही. ही नावे पुसायची गरज आम्हाला वाटत नाही. उलट मुलांना सांगावे की, पाखराच्या शिवणकामाला आपला समाज कला म्हणतो आणि माणसाच्या शिवणकामाला जात म्हणतो.

दुसऱ्या प्रकारची नावे मात्र वेगळी आहेत. मुंबईच्या आकाशात दोन घारी दिसतात. एकीचे डोके-छाती पांढरी आणि बाकी अंग तांबूस. तिला ब्राह्मणी घार म्हणतात. दुसरी सगळी तपकिरी, डम्पिंगवर घिरट्या घालणारी. तिला इंग्रजी पक्षिग्रंथांत 'पॅरिया काइट' म्हणत. पॅरिया हा शब्द तमिळ परैयर या अस्पृश्य ठरवलेल्या जातीच्या नावावरून आला. गावठी कुत्र्यालाही हेच विशेषण लावले गेले. आता गंमत बघा. ब्राह्मणी घारही बंदरांत मेलेले मासे आणि टाकाऊ पदार्थ खाते. दोघींचे अन्न बरेचसे सारखे, पण एकीला वरची जात आणि दुसरीला खालची, ती केवळ रंग बघून. पक्षी बघणाऱ्याच्या डोक्यात जात असली की ती आभाळातही दिसते. आज पक्षिशास्त्रात 'पॅरिया काइट' जाऊन 'ब्लॅक काइट' रूढ झाले आहे. 'ब्राह्मणी' मात्र घारीच्या, मैनेच्या, बदकाच्या नावात अजून बसून आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचे नाव एका पक्ष्याला होते, ते 2020 मध्ये बदलले गेले. तिथे काळ्या तरुणांनी त्याच वर्षी आपला पक्षीनिरीक्षण सप्ताह सुरू केला. आपणही निदान आपल्या नोंदवहीत भांगपाडी मैना लिहू, तांबडी घार लिहू, आणि बदकाला चक्रवाक म्हणू.

चक्रवाक हे नाव मुद्दाम घेतले. हिवाळ्यात उत्तरेकडून महाराष्ट्रातल्या जलाशयांवर येणारे हे नारिंगी बदक सम्राट अशोकाच्या शिलालेखात आहे. राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्यात पोपट, मैना, हंस, वटवाघूळ यांच्यासोबत चक्रवाक येतो. त्याच लेखात सजीव असलेला भुसा जाळू नये, विनाकारण वने पेटवू नयेत, अशाही आज्ञा आहेत. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या देशात राज्याने पाखरांची नावानिशी नोंद केली होती, आणि ती बौद्ध परंपरेतली होती. भिक्खूंचा वर्षावासही ओले गवत आणि त्यातले लहान जीव पायाखाली तुडवले जातात, या लोकांच्या तक्रारीतून आला, असे विनय सांगतो. निसर्गाविषयीची आस्था आपल्याला कोणाकडून उसनी घ्यायची गरज नाही.

इथे एक सावधगिरी हवी. प्राणीदया म्हटले की आज लगेच गोरक्षणाचे राजकारण पुढे सरसावते आणि दयेच्या नावाखाली माणसे ठेचली जातात. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशोकाचा हाच स्तंभलेख तपासला आणि त्यातून अशोकाने गोहत्याबंदी केली असे निघत नाही, हे दाखवले. म्हणजे ही यादी बाबासाहेबांच्याही अभ्यासाचा विषय होती. आपली करुणा आणि त्यांचे गोरक्षण यांतला फरक आपल्याला ठामपणे मांडता आला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, सत्तेचा. मुंबईत पर्यावरण हा शब्द झोपडीवर अनेकदा बुलडोझर होऊन आला आहे. 1997 मधल्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. 2005 मध्ये न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला बंदी घातली. ती आवश्यक होती, कारण कांदळवन भरतीचा आणि वादळाचा मारा अडवते, आणि हा मारा सगळ्यात आधी खाडीकाठच्या गरिबाला बसतो. पण बंदीचा दंडा कोणावर पडला? खाडीकाठच्या झोपड्यांवर. आणि डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20,000 कांदळवनाची झाडे तोडायला परवानगी मिळाली, तेव्हा 'सार्वजनिक हित' हे कारण पुरेसे ठरले. शिवडीच्या ज्या चिखलावर फ्लेमिंगो उतरतात, त्याच भागातून अटल सेतू गेला आणि जानेवारी 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पुलाला पर्यावरणाची अट पूर्ण करता येते, झोपडीला येत नाही. कारण पुलामागे अहवाल असतो, तज्ज्ञ असतात, पक्ष्यांची गणना असते. झोपडीच्या बाजूने कागदावर काहीच नसते.

ते कागदावर आणणे हे काम आहे आणि ते आपल्याला करता येते. जैविक विविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' असायला हवी. ही नोंदवही लोकांच्या माहितीतून भरायची असते. मुंबईसारख्या शहरात ती बहुधा सल्लागारांच्या टेबलावर तयार होते. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींच्या तारीख-वार नोंदी त्या समितीपुढे ठेवल्या, तर त्या नाकारणे अवघड जाईल. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात. तिथे आपण भाषण करतो, घोषणा देतो. त्यासोबत तीन हिवाळ्यांची वही असेल, तर तिची दखल इतिवृत्तात घ्यावी लागेल. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेत जवळजवळ 40 फ्लेमिंगो मेले. मृत पक्षी आधी दिसले ते तिथल्या रहिवाशांना. साक्षीदार वस्तीच असते. साक्ष लिहून ठेवायची सवय तेवढी लावायची आहे.

पद्धत अवघड नाही. दुर्बीण नसली तरी चालते. चळवळीचे कॅलेंडर हेच आपले वेळापत्रक करू. 6 डिसेंबरला पहिली नोंद. मग 25 डिसेंबर, 3 जानेवारी, 7 फेब्रुवारी आणि शेवटची 14 एप्रिलला. दर खेपेला त्याच जागेवरून, अर्धा तास. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कोणते पक्षी, अंदाजे किती, धूर होता का, वास कसला होता, खाडीत नवा भराव पडला का. फ्लेमिंगो चिखल उघडा पडल्यावर जवळ येतात, म्हणून ओहोटी साधायची. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. हे ज्ञान कोणत्याही अभयारण्याच्या माहितीपत्रकापेक्षा जुने आहे. ते शिकवायला कोळीवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विहारात बोलवा. खाडीतली मासळी कमी होत गेल्याचा पहिला फटका त्यांनाच बसला आहे, त्यांची लढाई आणि आपली लढाई वेगळी नाही.

नोंदीत पाखरांइतकीच माणसे लिहा. त्या हिवाळ्यात इमारतीत किती जणांना खोकला होता, किती मुले दम्याने शाळा चुकली, सफाई कामगाराला हातमोजे मिळाले का. पाखरू आणि माणूस एकाच वहीत आले, तर उद्या कोणी "पक्षी वाचवायचे की झोपड्या" असा खोटा पेच टाकला, त्याला ती वही उघडून दाखवता येईल. जी हवा आपल्या मुलांना खोकायला लावते, तिचीच राख त्या खाडीत पडते.

संविधानाच्या कलम 51-क मध्ये वने, सरोवरे, नद्या, वन्यजीव यांचे रक्षण करणे आणि सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. हे कर्तव्य आम्हाला मान्य आहे. पण ज्याला कर्तव्य सांगितले, त्याला त्या जागेविषयी बोलण्याचा अधिकारही आहे, हे शासनाला आठवण करून द्यावे लागते. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. शिष्यवृत्तीचा मोर्चा काढू, केसचा पाठपुरावा करू, आणि ओहोटीची वेळ बघून खाडीवरही जाऊ. येत्या 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना प्रत्येक वस्तीतल्या दोघांनी एक कोरी वही विकत घ्यावी.

जय भीम!